खोटं न सांगणारी ओळ

फोन नलूच्या भावाचा होता. "ताई, नलू गेली..." एवढंच. रडू नंतर आलं, आधी राग आला. तो अजून गेलेला नाही. तेराव्याला बनारसच्या शिंदे घाटाजवळच्या त्यांच्या घरी तिची मावशी म्हणाली, "त्या मशीनने खाल्लं गं पोरीला. आराम केला असता तर वाचली असती." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "साफ खोटं आहे, मावशी." नलूच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू. तिला कापसात गुंडाळून ठेवलं असतं, तर ती कंटाळूनच आधी गेली असती. कामाने तिला मारलं नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात मी काउंटरवर, ती कॉम्प्युटरच्या खोलीत. सगळ्या शाखांच्या पुस्तकांची आणि देवघेवीची माहिती दिल्लीच्या मशीनवर, आणि बनारसहून तिथवर टेलिफोनची रडतखडत चालणारी लाइन. नलूचा जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्रॅम तिथून माहिती मागवायचा. एक पुस्तक विचारलं की वाचक बाहेर चहा पिऊन परत यायचे आणि बोलणी मी खायचे. ग्रंथालयाच्या साहेबांनी ठरवूनच टाकलं की जावाच मंद आहे. प्रोग्रॅम काढायचा आणि बाईंचं कंत्राटही संपवायचं. नलू त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. "धीमा जावा नहीं है, साहब. धीमा हमने बनाया है. मैंने बनाया है. एक महीना दीजिए."

मग ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून नुसती बघत राहिली. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, प्रत्येक गोष्टीसाठी तिचा प्रोग्रॅम दिल्लीला वेगळा प्रश्न विचारत होता आणि दर वेळी जोडणी नव्याने करत होता. तिने कपाळावर हात मारला. "अगं, जेवायला बसलेल्या पाहुण्याला मीठ आणायला एकदा आत जायचं, लिंबासाठी पुन्हा, चटणीसाठी पुन्हा... असं कोण करतं?" सगळे प्रश्न तिने एकाच मागणीत बांधले, एकदा झालेली जोडणी उघडी ठेवली, आणि नाव-लेखक अशी न बदलणारी माहिती इथेच साठवली. वाचकांचा चहा बंद झाला.

फक्त शेवटची ओळ, पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलं आहे, ती दर वेळी दिल्लीलाच विचारायची. तिथे पडदा जरा थांबायचा. वरचे अधिकारी पाहायला येणार तेव्हा साहेब म्हणाले, "इसको भी यहीं रख लीजिए, फटाफट दिखेगा." नलू म्हणाली, "सुबह का जवाब शाम को दिखाऊँ? लोग सीढ़ियाँ चढ़ेंगे और किताब नहीं मिलेगी." मी तिला बाहेर ओढलं. "अगं, एका दिवसाचा तो सवाल! कंत्राट जाईल तुझं." तिला धाप लागली होती, ओठ निळसर झाले होते. "जाऊ दे. पटकन खोटं सांगायला मी इतकं राबले नाही."

पाहुण्या अधिकाऱ्यांसमोर पडदा थांबला. साहेबांनी घाम पुसला. मग ओळ उमटली, आणि नलूने पाहुण्यांना सरळ कपाटाशी नेऊन पुस्तक हातात दिलं. कंत्राट टिकलं. शाबासकी मात्र साहेबांनी घेतली, आणि नलू त्यावर मनापासून हसली...

आता तिच्या जागी आलेल्या मुलाला साहेबांनी तेच काम दिलं आहे. शेवटची ओळही इथेच साठवायची, म्हणजे थांबणं नको. तो बिचारा मला विचारायला आला. मी त्याला बसवून घेतलं आणि साहेबांकडे स्वतः गेले. "जोवर मी काउंटरवर आहे, तोवर ते होणार नाही," मी मराठीतच म्हटलं. त्यांना शब्द समजले नसतील, पण त्या मुलाच्या कामांच्या यादीतून त्यांनी ते खोडलं.

काल शेवटच्या ओळीपाशी पडदा थांबला, तसा एक वाचक काउंटरवर बोटं वाजवू लागला. "मैडम, अटक गया क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "नलिनीजी देखने गई हैं."