लगोऱ्या पाडणारा ओर्लिन

आमच्या लाल खडकांच्या मुलखात ओर्लिन टॅनरइतका शिस्तीचा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. शाळेची बस चालवून निवृत्त झाला आणि राखीव घळीत स्वयंसेवक म्हणून लागला. झालं! येणारेजाणारे हौसेनं दगडावर दगड रचून लगोऱ्या उभ्या करतात, त्या पाडायचं काम त्याच्याकडे आलं. फालतू तेवढ्याच पाडायच्या, वाट दाखवणाऱ्या ठेवायच्या. पण पाय एकदा सुटला की फरक कोण करतो?

त्या शनिवारी त्यानं नेड्राला फिरायला नेलं. दोघं एकाच शाळेतली, आता दोघंही एकटी. तिला लग्नाचं विचारायचं दोन वर्षं त्याच्या घशात अडकलं होतं. आज विचारायचंच, म्हणून स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून आली होती.

"त्या काळ्या मातीवर पाय नको, बारीक शेवाळानं जिवंत असते ती! खडकावरून चाल."

"अरे, चालू की उडू?" नेड्रा म्हणाली.

दिसली लगोरी की मार लाथ. "माणसाची खूण म्हणून मागे राहता कामा नये," ओर्लिन छाती फुगवून सांगत होता. बाई गालातल्या गालात हसत होती.

घळीच्या टोकाला सावलीत बसून दोघांनी तिच्या बरणीतले पीच खाल्ले. विचारायचं तेवढं राहिलंच. परत फिरले, तर वाट गायब! जिकडेतिकडे सपाट लाल खडक. मातीत पाऊल नाही, खडकावर लगोरी नाही. तिसऱ्यांदा त्याच वाकड्या जुनिपरच्या झाडापाशी आल्यावर ओर्लिन मटकन खाली बसला.

इतक्यात चपला घातलेली एक आजी नातवाला कडेवर घेऊन आली. "वाट चुकलात होय? गाड्या त्या खडकामागेच आहेत की!"

ओर्लिननं छातीवरचा स्वयंसेवकाचा बिल्ला हातानं झाकला. आजी पुढे गेल्यावर पुटपुटला, "नेड्रा, आज तुला एक विचारायचं होतं गं. पण आता कुठल्या तोंडानं विचारू?"

"तिसरी लगोरी पाडलीस ना, ती वाटेची होती."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस, बाई?"

"म्हटलं, चुकू दे. धड गाडीपाशी पोचला असतास तर आणखी दोन वर्षं गप्प बसला असतास. माझं हो आहे. ऊठ आता."