भोंगा बंद, पाणी बंद

मिल बंद झाली तेव्हा माझे सासरे तिथल्या टाइम ऑफिसात हजेरीचे कारकून होते. पहिलं वर्षभर ते "चालू होईल परत" म्हणत रोज दाढी करून तयार व्हायचे. पुढे ते म्हणणं सुटलं, दाढी तेवढी राहिली. सकाळी मिलच्या फाटकापर्यंत जायचं, कुलूप बघायचं आणि जुनी इंदूर भागातल्या गल्ल्यांतून गप्पा मारत परतायचं, हा नेम.

मग एका उन्हाळ्यात ते दोनदा हरवले. दुसऱ्या वेळी तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून भाजीवालीला विचारत होते, "आमचं घर कुठं?" तिनेच हात धरून आणून सोडलं. संध्याकाळी माझा नवरा सांवेर रोडच्या कारखान्यातून येताना कुलूप घेऊन आला.

"बाबा आता एकटे बाहेर जाणार नाहीत."

सासऱ्यांनी कुलूप उलटंपालटं करून पाहिलं. "मिलला लावलं, आता मला लावा."

मी शाळेत शिकवायला जात होते. शाळा उघडली की माणसाला कोंडून मी फळ्यावर बेरजा शिकवणार? मी म्हटलं, "पंधरा दिवस थांबा. तोवर सकाळी मी सोबत जाते, सुट्ट्याच आहेत. नाहीच जमलं तर लावा."

आधी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं. "वयाचा भाग आहे, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण जीभ बघा, कोरडी ठाक. साखर वाढलीये, ब्लड प्रेशरही. डोकं काय शरीरापासून वेगळं चालतं? दिवसभरात काय खातात-पितात ते बघून या."

सासऱ्यांना विचारलं. "काही नाही. तू देतेस तेवढंच."

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन त्यांच्या मागे दहा पावलांवर चालले. घरी पोहे खाऊन निघालेला माणूस पहिल्याच दुकानाच्या ओट्यावर थांबला; दुकानदाराने हाक मारली होती. "काकाजी, पोहे तो खा के जाओ!" खाल्ले. वर मूठभर शेव. पुढे मिलमधल्या जुन्या जोडीदाराच्या दुकानात पोहे, दोन जिलब्या आणि दोन चमचे साखरेचा चहा. तिसऱ्या ठिकाणी कचोरी. शेवटी नव्यानेच फ्रीज घेतलेल्या किराणावाल्याकडे रंगीत थंड बाटली. पाण्याचा एक घोट नाही. सगळं मिळून दोन तास.

"बाबा, हे 'काही नाही'?"

"अगं, नाही कसं म्हणायचं? लोक प्रेमाने देतात."

घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. "आत्ता कुठे? भोंगा कुठे झाला?"

मी थांबले. मग विचारत गेले, तसं एकेक बाहेर आलं. मिलमध्ये कामाच्या वेळी उठून पाणी प्यायची त्यांना सवय नव्हती. सकाळचा भोंगा, एक तांब्या. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा, एक तांब्या. सुटतानाचा, एक. तहान लागते का, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. वेळ झाली की प्यायचे. भोंगा गेला, पाणी गेलं. आणि मी इतकी वर्षं शेजारच्या खोलीत राहून हे बघितलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. "प्यायला लावा," ते म्हणाले. मग कुकरची शिटी हा आमचा भोंगा झाला.

"तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या," सासरे कुरकुरले. "मला एक पुरे, सूनबाई."

"शिटीला एक पेला. युनियनकडे जा हवं तर."

"युनियन राहिलीये कुठे!"

गल्लीत फिरून मी सगळ्यांना बजावलं, पोहे देऊ नका. पहिल्या ओट्यावरचा दुकानदार दुखावलाच. "भाभीजी, पोह्याला ना कसं म्हणणार? शोभतं का?"

"ना म्हणू नका. आधी पाणी द्या. मग चार घास, शेव न घालता."

"बिना शेव के पोहे? इससे तो ना ही अच्छा." आणि त्याने खरोखर बंद केलं.

घरी सकाळी ज्वारीची भाकरी, मेथी, मूठभर शेंगदाणे सुरू केले. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. सासरे म्हणाले, "हा चहा आहे की शिक्षा?" पण प्यायले.

पंधराव्या दिवशी नवऱ्याने परीक्षा घेतली. एकट्यांनी जायचं आणि बाजारातून मेथीची जुडी आणायची. पाऊण तास झाला. नवरा कुलूप हातात घेऊन दारात. तास भरता भरता सासरे आले, मेथी घेऊन.

"बाबा, एवढा वेळ?"

"दर दुकानात पाणी पाजतात रे. मग जागा शोधायला लागते."

सगळं काही परतलं नाही. नातवंडांची नावं मागेपुढे व्हायची, माझ्या माहेरचं गाव ते गौतमपुरा सांगायचे, जे कधीच नव्हतं. पण घर चुकले नाहीत. कुलूप वाया जाऊ नये म्हणून मी शेवेच्या कपाटाला लावलं.

महिन्याभराने पाहुणे आले आणि मला त्या कपाटाची किल्ली सापडेना. स्वयंपाकघर उलथंपालथं केलं.

सासरे खाटेवरून म्हणाले, "तांदळाच्या डब्यात. काल तूच ठेवलीस. पाणी पी जरा."