गुप्तहेराला घातलेलं बाइंडिंग

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसालच तुम्ही. कप तेवढे खाली ठेवा.

इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमध्ये शेजारी वॉल्टर राहतो. सत्त्याहत्तर वर्षांचा, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला. त्याच्याकडे त्याच्या वडिलांच्या लहानपणची आठ मासिकं. कागद स्वस्तातला, पिवळा पडलेला, आणि दर अंकात तोच एक गुप्तहेर. शत्रूने अमेरिकेवर स्वारी केलीय आणि हा पठ्ठ्या एकटा लढतोय! गोष्टी भविष्यातल्या युद्धाच्या, पण ते भविष्य कधीच आपल्या मागे पडलं. रणगाडे आकाशातून उडतात, आणि निरोप मात्र तारेने जातो!

मला वेडच लागलं यार. त्या काळच्या पोरांना उद्याची कसली भीती वाटायची? डेट्रॉइट पडतं का शेवटी? विचारून विचारून मी वॉल्टरचं डोकं खाल्लं.

तो मात्र खूश. "माझ्या मुलांनी कधी एक प्रश्न विचारला नाही," म्हणाला. "घरी ने, वाच. शनिवारी लायब्ररीत प्रदर्शनाला द्यायचेत."

आता इतक्या प्रेमाने दिलेले अंक तसेच खिळखिळे परत करायचे? नागपूरला आमचे बाबा मासिकांचं घरी बाइंडिंग करायचे. कव्हरं काढायची, जाहिराती फाडायच्या, दाभणाने शिवायचं, कडा कापायच्या, वर पुठ्ठा. मीही बसलो. दंड फुगवायचे कोर्स, केसांची औषधं, सगळा कचरा कव्हरांसकट रिसायकलिंगच्या डब्यात टाकला.

आमची सई पंधरा वर्षांची. म्हणाली, "बाबा, आर यू शुअर?"

"तुला काय कळतंय यातलं!"

मंगळवारी सकाळी वॉल्टर आला. मी दोन्ही हातांनी तो जाडजूड ग्रंथ दिला. त्याने उघडला. मिटला. परत उघडला.

"कव्हरवरची चित्रं कुठायत? लोक तीच बघायला येतात."

माझी नजर बाहेरच्या डब्याकडे गेली.

"आणि शेवटचं पान? वाचकांच्या क्लबचं? त्यात गुप्त संदेश असायचा. एका अंकातला वडिलांनी दहाव्या वर्षी पेन्सिलने सोडवलाय. त्यांचं लहानपणचं तेवढंच अक्षर उरलंय माझ्याकडे."

अहो, मंगळवार म्हणजे रिसायकलिंगचा दिवस, आणि ट्रक कोपऱ्यावर वळत होता!

मी पायजम्यावर धावलो आणि डब्याला मिठी मारली. ड्रायव्हर ओरडला, "सर, लेट गो!"

"नो! देअर इज अ स्पाय इनसाइड!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, पायजम्याकडे पाहिलं, आणि ट्रक पुढच्या घराकडे नेला.

मग आम्ही दोघांनी ड्राइव्हवेवर डबा उपडा केला. दुधाच्या कॅनखालून कव्हरं निघाली, एकाला थोडा डाग. सगळ्यात तळाशी ते पान. पेन्सिलची अक्षरं शाबूत! वॉल्टरने चष्मा लावला. बराच वेळ तो नुसता त्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. मला फार लाज वाटली.

शेवटी न राहवून विचारलं, "काय लिहिलंय?"

त्याने मोठ्याने वाचलं, "सावध राहा. शत्रू शेजारच्याच घरात असू शकतो."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "डॅडने वेळेवर कळवलं होतं. मीच लक्ष दिलं नाही."