दहाची पेज

मी स्वतःच्या घरात मजुरी केलेली बाई आहे. धाकटा भाऊही माझ्याबरोबर कामाला होता. मालक आमचे बाबा आणि पगार शनिवारी, संध्याकाळचा चहा झाला की. आजकाल तरुण आईबाप मला विचारतात, मुलांना घरकामाचे पैसे द्यावेत का हो? तेव्हा मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते. तो पगार मी घेतलाय आणि त्या नोकरीतून माझी हकालपट्टीही झालीय.

बाबा डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. "हजेरी नाही तर पगार नाही" हे वाक्य ते खाणीवर म्हणत आणि सवयीने घरीही म्हणत. तर त्यांच्या खाणीवर बाहेरून एक नवा इंजिनियर आला. त्याची मुलं म्हणे घरातली कामं करायची आणि त्याचे ठरलेले पैसे घ्यायची. अशाने मुलांना कष्टाची किंमत कळते, असं तो म्हणाला. बाबांना ते लगेच पटलं. बाहेरून आलेलं काहीही बाबांना लगेच पटायचं.

आई चुलीपाशी माशाचं हुमण ढवळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "भुरग्यांक पयशे? काम कोणाल्या घरचें?"

"घरचेंच," बाबा म्हणाले.

"बरें," आई म्हणाली.

आईचं हे 'बरें' ज्याला ओळखता येतं तो सावध होतो. बाबा इतकी वर्षं संसार करूनही सावध झाले नाहीत. मी तर मुळीच नाही, कारण माझा जीव शिरगावच्या जत्रेत अडकला होता. शाळेला सुटी पडली होती आणि लईराईची जत्रा तोंडावर आली होती. आदल्या वर्षी मी पाळण्यात एकदा बसले होते, आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईने डोळे वटारले होते. या वर्षी स्वतःच्या पैशांनी, कोणाच्या तोंडाकडे न बघता, पोटात कालवेपर्यंत पाळण्यात बसायचं आणि आल्याचं खाजं एकटीने पुडीभर खायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

केलंही. बांयवरून, म्हणजे विहिरीवरून, पाणी आणलं, अंगणातला काजूचा पाचोळा लोटला, उन्हात घातलेली कोकमाची सोलं उलटली. पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला धावणं हे खरं म्हणजे आमचं रोजचं सुख होतं, पण आता तेही कामात जमा झालं. भावाचं डोकं माझ्यापेक्षा तेज. वाळत घातलेल्या भातावरून कोंबड्या हाकलायचे पैसे होते. हा पठ्ठ्या आधी दाणे टाकून कोंबड्यांना भातापर्यंत आणायचा आणि मग हाकलायचा. आमच्या कोंबड्या त्या उन्हाळ्यात चांगल्याच गुबगुबीत झाल्या.

त्याच सुमाराला गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी यावरून रान पेटलं होतं. रस्त्यात झाडं आडवी टाकलेली, गाड्या बंद. बाबा एकदा खाणीवरून चालत घरी आले होते. मोर्चे बघून बघून आम्हीही तयार झालो होतो. बाल्दीचा दर वाढवून मिळावा म्हणून आम्ही दोघांनी तुळशीभोवती मोर्चा काढला. बाबा मराठीचे कट्टर. मागण्या शुद्ध मराठीतून आल्या तरच विचार होईल, असं त्यांनी आम्हाला ठणकावलं. ठणकावलं अर्थात कोंकणीतून.

"भास खंयचीय जांव," आई आतून म्हणाली, "बाल्दी कोण भरता तें सांगात."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस आईने फणसाच्या भाजीची वाटी शेजारच्या काकीकडे पोचवायला सांगितली.

"हाचे कितले?" भावाने विचारलं. मीही तेच विचारणार होते, त्याचं तोंड फक्त आधी उघडलं.

आईने वाटीवरचं झाकण नीट केलं आणि ती स्वतःच गेली. परत आल्यावर पदराला हात पुसत म्हणाली, "दर आसा तर दर. फाल्यां सावन तुमी कामेरी."

कामेरी म्हणजे मजूर. आमची थोडी वायंगण शेती होती, हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापायचं भात, आणि तेव्हा कापणी चालू होती. कापायला सावंतवाडीकडच्या बायका यायच्या. त्यांचे नवरे खाणीच्या ट्रकांवर होते आणि बिऱ्हाडं जवळपासच. आमच्याकडची रीत ठरलेली: मजुरीच्या जोडीला दहाची पेज मालकाची, ती पडवीत बसून प्यायची. दुपारचं जेवण ज्याचं त्याने आणायचं. सांज झाली की आपापल्या घरी जायचं. ही रीत मी जन्मापासून बघत आले होते आणि तिच्यात बघण्यासारखं काही असतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला आईने आम्हा दोघांना हाक मारली आणि पडवीत बायकांच्या ओळीत बसवलं. पुढ्यात पेज आणि तिच्यात मिठात चेपलेल्या तोराची, म्हणजे कोवळ्या कैरीची, एक फोड.

"काय गो बाय, आज आमच्या पंगतीक?" त्यांच्यातली एक थोराड बाई हसायला लागली.

"पगारी माणसां तीं," आई म्हणाली आणि आत गेली.

आम्हाला काय, वनभोजनच. पडवीतली पेज आतल्या पेजेपेक्षा चांगली लागते असंही आमचं मत पडलं. ते मत दुपारपर्यंत टिकलं. दुपारी आतून बांगड्याच्या हुमणाचा वास आला आणि आम्ही नेहमीप्रमाणे आत निघालो, तर आई दारात उभी. "दनपारचें जेवण कामेऱ्यांनी आपलें हाडपाचें."

आम्हाला वाटलं, थट्टा करतेय. आम्ही हसलो. ती हसली नाही. दार तिने लोटून घेतलं.

माझ्या भावाची भूक म्हणजे त्याच्या अभिमानाहून मोठी. तो सरळ बांधावर गेला, मी त्याच्या मागून. ती थोराड बाई आंब्याच्या सावलीत भाकरी आणि सुक्या सुंगटांची किसमूर, कोळंबीची चटणीच म्हणा, खात होती. नव्या तत्त्वाला धरून त्याने तिला भाकरीचा भाव विचारला.

"माजी भाकरी म्हाग आसा हां, बाबू," ती म्हणाली. "आठ आणे."

भावाने खिशातून आठ आणे काढून दिले. मला वाटलं होतं, मोठी माणसं करतात तसं ती नको नको म्हणेल. छे! तिने नाणं नीट निरखलं, कनवटीला लावलं आणि अर्धी भाकरी मोडून आम्हा दोघांना दिली. आम्ही ती मुकाट्याने खाल्ली. किसमूर इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते किसमुरीचंच आहे असं मी भावाला सांगितलं.

संध्याकाळी बायका घरी गेल्या. आम्ही पडवीच्या पायरीवर बसून राहिलो. बाबा आले, चप्पल काढता काढता थबकले.

"हीं भुरगीं भायर कित्याक?"

"सुटी जाली तांची," आई आतून म्हणाली. "कामेरी सांजे घरा वतात."

"घरा? खंयच्या घरा?"

"तेंच हांवूंय विचारतां," आई म्हणाली.

थट्टा आहे हे मला कळत होतं. तरीसुद्धा मी आत कान लावून बसले. आतला दिवा दिसत होता, पाट मांडल्याचा आवाज आला, आणि आवाजावरून मला समजलं की पाट दोनच मांडलेत. मी जशी घाबरले तशी पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा घाबरले असेन. भाऊ आत धावला आणि आपली नाण्यांची डबी त्याने आईपुढे ओतली. हे सगळे घे आणि आम्हाला जेवायला वाढ, म्हणाला.

"पयशे घेवन जेवण घालपाक हांवें खानावळ घालूंक ना," आई म्हणाली.

बाबांनी घसा साफ केला. "आनी म्हजें कितें? हांवूंय पगारीच."

"तो पगार तुमी खाणीर मेळयतात. हांगा तुमची हजेरी कोण घेना."

बाबांनी चप्पल परत पायात घातली. ते बाल्दी उचलून बांयवर गेले आणि न सांगता पाणी भरून आले. आईने जमिनीवरची नाणी गोळा केली, माझीही डबी मागून घेतली, आणि सगळी देव्हाऱ्यापाशी ठेवली. "हे देवीक. जत्रेक पेटयेंत घालूं," म्हणाली. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "हातपांय धुयात आनी ताटां घालात."

आम्ही ताटं घातली. कुणी दर विचारला नाही. बांगडा त्या दिवशी जसा लागला तसा परत लागला नाही, हेही सांगून टाकते. पण माझा पाळणा गेला, खाजं गेलं, याचं दुःख बांगड्याने भरून येण्यासारखं नव्हतं. जत्रेच्या दिवशी शिरगावात आमची सगळी कमाई देवीच्या पेटीत खळखळत पडली तेव्हा मी हात जोडले खरे, पण देवीवर थोडी रागावलेच होते.

देवळातून बाहेर आलो आणि आईने पदराची गाठ सोडून आम्हा दोघांच्या हातावर पैसे ठेवले. "घेयात. जत्रेक."

मग बाबांनी दिले. मग वाटेत भेटलेल्या काकीने दिले. दरवर्षी देतात तसेच, कुणी काही न विचारता. हे मी इतकी वर्षं घेत होते आणि त्यांना पैसे म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

मोगऱ्याच्या माळांच्या गर्दीत ती थोराड बाईही भेटली. नवं लुगडं नेसून, नवऱ्याबरोबर. आम्हाला बघून तिने कनवटीला हात घातला आणि आठ आण्यांचं नाणं भावाच्या मुठीत कोंबलं.

"हे कसले?" सवयीने भाऊ म्हणाला. "भाकरीचे?"

"भाकरी तवांच खाल्लास मा? ती मी इकललंय," ती म्हणाली. "हे जत्रेचे. दोगांय मिळान घेया."

ते आठ आणे घालून मी दुसऱ्यांदा पाळण्यात बसले. वर गेल्यावर सगळं शिरगाव दिसत होतं, आणि खाली आईच्या हाताला धरून भाऊ ओरडत होता की नाणं त्याच्या मुठीत दिलं होतं.