लेझमीचा हात

मोटार सुटली तेव्हा आबा आईच्या पाठीत काठी घालत होते, आणि मी खिडकीतून ते बघत होते.

कामथडीच्या मावशीच्या घरासमोरच साताऱ्याचा रस्ता जातो. तिथून मला तिथल्या शाळेच्या मास्तरांनी पुण्याच्या मोटारीत बसवलं होतं. मी सतरा वर्षांची, डाव्या मनगटाचं हाड वाकडं, अंगावर मावशीचं लुगडं. भोंगवलीहून आई पहाटेची चालत आली होती, आबांना न सांगता. तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तारे, मागं बगू नगं." पण तिच्यामागून आबाही आले. मला उतरवायला त्यांचा हात पोचेना, म्हणून तो आईवर पडला. आई खाली बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उतरले असते, हे तिला ठाऊक होतं.

चंपे, माझी धाकटी बहीण तू, तेव्हा नऊ वर्षांची होतीस. तुला हे सगळं अर्धंमुर्धं कळलं, तेही इतरांच्या तोंडून. आता तू गावातच नांदतेस, तुलाही मुली झाल्या. म्हणून लिहिते. आणि आपल्या आळीची सोनी, जी नवऱ्यामागं मुंबईला गिरणीच्या चाळीत गेली, ती गावाला आली की तिलाही हे वाचून दाखव म्हणजे झालं.

आबांचा गावात मान होता तो लेझमीचा. जत्रेत त्यांच्या ताफ्यापुढं कुणी टिकत नसे. हलगी कडाडली की चाळीस माणसं एका पावलावर खाली जात आणि एका पावलावर उठत. एरवी घरात दगडासारखे असणारे आबा तिथं असे हलके व्हायचे की मला वाटे, हेच खरे आबा. मी शाळेत तिसरीत होते तेव्हा खुंटीवरची त्यांची लेझीम काढून गोठ्यात नेली आणि चार आवाज करून पाहिले. चारही बरोबर आले. पाचवा आबांनी केला, त्याच लेझमीनं, माझ्या डोक्यावर. साखळी केसांत रुतली. "बाईमाणसानं जातं धरावं," म्हणाले. अजून तिथं केस येत नाहीत.

तेराव्या वर्षी मला मार्गासनीला दिलं. नवऱ्याचं नाव मी आजही घेत नाही, पण ते मानापोटी नव्हे. माणूस कष्टाळू होता, दारूही पीत नव्हता. मारणं हे त्याला औताच्या बैलाला हाकण्याइतकं साधं वाटे. गौरीच्या खेळात शेजारणींनी मला परात वाजवायला दिली, मी वाजवली, बायका नाचल्या. सासूनं ते घरी सांगितलं. त्यानं माझा डावा हात उंबऱ्यावर धरला आणि मुसळ घातलं. "ह्याच हातानं वाजवलीस न्हवं?" एवढंच बोलला. गावातल्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडंच बसलं. पुढं एकदा पोटात लाथ बसली आणि तीन महिन्यांचं जे होतं ते गेलं. मी उठून चालायला लागले त्या दिवशी घागर घेऊन निघाले, घागर नदीवर ठेवली, आणि नसरापूरच्या वाटेनं मावशीकडं पोचले.

मास्तरांची बहीण बडोद्याला मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. मास्तरांच्याच चिठ्ठीवर मी गेले. चौथी पास, म्हणून शाळेत घंटा वाजवायला, झाडायला आणि पाणी भरायला ठेवली. निजायला माळ्यावरची खोली मिळाली. तिकडं शाळेला निशाळ म्हणतात, भाजीला शाक, आणि माझ्यासारखीलाही बेन, म्हणजे ताई. पहिल्यांदा कुणी "ताराबेन" म्हणून हाक मारली तेव्हा मी मागं वळून पाहिलं, दुसरी कोण आली म्हणून.

संध्याकाळी पटांगणात मुली लेझीम खेळत. मुली! परकर खोचून, वेण्या बांधून, उघड्यावर. मी पाण्याच्या कुंडीमागं उभी राहून बघायची. एक दिवस झाडता झाडता माझे पाय त्यांच्याबरोबर पडायला लागले, आणि मोठ्या बाईंनी ते पाहिलं.

"पवित्रा कुठं शिकलात?"

"वडलांचा बगून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातात लेझीम दिली. उजवा हात चालला, डावा फिरेना. कळ थेट खांद्यात गेली आणि मी मुलींसमोर रडले. मग बाईंनी मला तिथल्या हाडवैद्याकडं नेलं. वर्षभर रोज तेल, शेक, वाळूची पिशवी उचलणं. तो माणूस दुखवायचा, पण हात लावायच्या आधी दर वेळी सांगायचा, "बेन, आता दुखेल." दुखवण्याआधी सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पोटाला दूध होतं, सकाळी जोर-बैठका होत्या, रात्री बाई धडे घेत. बंद झालेली पाळी परत सुरू झाली. हात भरले. मनगट पूर्ण सरळ झालं नाही, पण फिरायला लागलं. मी सातवीची फायनल परीक्षा दिली, आणि दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली मुलींची कसरत आणि लेझीम माझ्याकडं आली.

बडोद्याचं इथवरचं तुला पत्रातून कळवलं होतं. पुढचं कधीच लिहिलं नाही.

त्याच साली पावसाळ्यानंतर नवरा आला. माझ्यामागं केलेली दुसरी बायको बाळंतपणात गेली होती आणि घरात काम करायला कुणी नव्हतं. भर दुपारी फाटकातून सरळ पटांगणात आला, पन्नास मुलींच्या देखत माझा अंबाडा धरला आणि ओढला. "चल रांडे. लई नाचलीस."

माझ्या हातात लेझीम होती. मी वळले आणि दांडा त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा होता. त्याची पकड सुटली. तिथं थांबायला हवं होतं. तो गुडघ्यावर आला, मी तोंडावर मारलं. दात पडले. तो आडवा झाला, मी पाठीत मारलं. आणि चंपे, माझ्या तोंडून आकडे निघत होते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मुलींना शिकवताना मोजते तसे, मोठ्यानं. मोठ्या बाईंनी मागून कवेत धरलं तेव्हा थांबले. त्याचं रक्त माझ्या लेझमीच्या चकत्यांत गेलं होतं.

फौजदार आला. पण बायकोनं मारलं हे कागदावर लिहून द्यायला नवरा तयार होईना. खांदा बांधून गाडीनं परत गेला, पुन्हा आला नाही. खोटं कशाला सांगू, त्यानंतर महिनाभर मला फार गाढ झोप लागली. भूकही लागली. बाजारात माणसं वाट द्यायची, ते आवडायचं.

मग मंजूचं झालं. अकरा वर्षांची, लोहाराची मुलगी, चौथ्या आवाजाला नेहमी चुकायची. त्या दिवशी पाचव्यांदा चुकली. मी तिच्याकडं गेले आणि माझा लेझमीचा हात वर गेला. मारायला गेला का, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि जमिनीवर दुमडली. आणि बाकीच्या मुली एक पाऊल मागं सरकल्या. सगळ्या एकदम, एका तालात, मी शिकवलं होतं तशा.

मी लेझीम खाली ठेवली आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाई, मला पुन्हा झाडायला लावा. मी आबा झाले."

बाई म्हणाल्या, "मला काय सांगता? ज्यांना भीती वाटली त्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी मी मुलींना खाली बसवलं आणि विचारलं, माझ्याकडं शिकायचं आहे का. मंजूच म्हणाली, "बेन, तमे मारशो तो नहीं ने?" मारणार तर नाही ना? मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण महिनाभर ती माझ्यापासून दोन हात लांब उभी राहून खेळली. मी ते अंतर तसंच राहू दिलं. राग आला की लेझीम जमिनीवर ठेवायची आणि पटांगणाला फेरी मारायची, अशी सवय लावली. सुरुवातीला दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. मुली हसायच्या. हसू लागल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तेच पवित्रे, तोच घाम, पण तो महिनाभराची गाढ झोप देणारा कैफ नव्हता. साधी झोप यायला लागली. सकाळी उठल्यावर कुणाशी भांडायचं नसल्यासारखी.

मग तुझं पत्र आलं, आबा गेले म्हणून. मी अकरा वर्षांनी भोंगवलीला आले. तू दारातच म्हणालीस, "तू गेलीस. मार आयनं खाल्ला. रोज तुझं नाव घिऊन मारायचे." ते खरं होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही माफ केलं नसतं. आबांसाठी मला रडू आलं का, विचारलं होतंस. आलं. ताफ्यात हलके होणाऱ्या आबांसाठी आलं. तो हलकेपणा उंबरा ओलांडून घरात कधी का आला नाही, ह्याचं आलं.

आईला मी इथं बडोद्याला घेऊन आले. सुरुवातीला ती भिंतीला टेकूनच बसायची, भांडं पडलं की उठून उभी राहायची. आता संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून मुलींचा खेळ बघते. गेल्या आठवड्यात मला म्हणाली, "ती कडंची पोर वाकताना श्वास धरती. सोडायला सांग तिला." मी थक्क झाले. "आय, तुला काय म्हाईत?" तर म्हणाली, "चाळीस वरीस दाराआडून ऐकलंय म्या. कोण दमलं ते आवाजावरून कळतं." दाराआड उभं राहून ती काय काय शिकली असेल, आणि कुणी कधी तिला विचारलं नाही.

चंपे, तू लिहिलंस की मी गाव विसरले, मला घर असं राहिलंच नाही. भोंगवलीचा ओढा, कामथडीचा रस्ता, आपल्या बोलण्यातलं "व्हय" आणि "न्हाई", हे काही सुटत नाही. पण घराचं विचारशील तर कालची दुपार सांगते. मी शाळेतून आले. दार सताड उघडं होतं. आई दाराकडं पाठ करून कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं, चांगली घोरत होती. मी आत आले, पाणी प्याले, तांब्या ठेवताना वाजलाही. ती उठली नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

मुलींना घेऊन ये. दार उघडंच असतं.