ढेकळातून उतरलेलं पाणी

वाळलेल्या काळ्या ढेकळावर पाणी ओतलं, की आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो; जणू तहानलेलं कुणी एका दमात घोट घेत आहे. माझं सारं बालपण याच मातीत गेलं. तरी तो आवाज मी कान देऊन ऐकला तो पस्तिशी उलटल्यावर, हिवरखेडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात, आणि तोही सहावीतल्या प्राचीमुळे!

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गाइडमधली उत्तरं पाठ करत पोचले, आणि त्या पाठांतराचे उपकार मी विसरलेली नाही. 'काळी माती पाणी धरून ठेवते' हे वाक्य किती परीक्षांत लिहिलं असेल! पण त्या मातीवर पेलाभर पाणी ओतून पाहावं, असं कधी मनात आलं का? म्हणूनच अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या लहानशा कार्यालयात, मुलांसाठी टॅबवरचे प्रयोग रचण्याचं काम हाती आलं, तेव्हा वाटलं, आपल्या हातांनी करून शिकण्याचं जे सुख मला लाभलं नाही, ते या मुलांना देऊ.

प्रयोग साधा होता. बूड कापलेल्या तीन बाटल्या तोंडाला फडकं बांधून उलट्या टांगायच्या. एकीत वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत काळी माती. सारखं पाणी ओतायचं आणि ते आधी कुठून उतरलं ते पडद्यावर दाबायचं. उत्तर मी भरून ठेवलं होतं: वाळू. कार्यालयात करून पाहिलं तेव्हाही तसंच झालं होतं. मात्र तिथली माती कुंडीतली, कुटून चाळलेली. प्राचीने आणली ती चैत्रात भेगाळलेल्या वावरातली, नुसती ढेकळं. पाणी त्यांच्या फटींतून सरळ खाली धावलं. तिने 'काळी माती' दाबलं. पडदा लाल झाला. तिने नवी ढेकळं भरली, पुन्हा ओतलं, पुन्हा तेच दाबलं. पुन्हा लाल!

"वाळू दाब नं वं, हिरवं होऊन जाते," शेजारची नेहा म्हणाली. "आमी साऱ्यायनं तेच दाबलं."

"पन पाणी त आंधी मातीतून आलं."

"तुले हिरवं पायजे का पाणी पायजे?"

प्राचीचं बोट 'वाळू'कडे सरकलं. मुलांना मदत करायची नाही, हा आमचाच नियम. मी मागे हात बांधून बसले. ते बोट टेकलं असतं, तर आपल्या डोळ्यांपेक्षा काच शहाणी असते हा धडा ती कायमची शिकली असती, आणि शिकवणारी मी! जुन्या गाइडलाच मी रंगीत कपडे चढवले होते ना?

बोट थबकलं. ती वळली. "मॅडम, याले पाणी दिसते काय?"

"नाही," मी म्हणाले. मलाही ते कुठे दिसलं होतं?

परतल्यावर सहकारी म्हणाला, 'काळी माती' हेही उत्तर बरोबर धरू. मी उत्तरच काढून टाकलं. त्या जागी आता दोनच प्रश्न उरले: तुला काय दिसलं? आता काय करून पाहशील? पण धाकधूक होती. हिरव्या रंगाच्या शाबासकीविना मुलं त्या बाटल्यांपाशी थांबतील का?

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच व्हरांडा. प्राचीने पुन्हा वाळलेली ढेकळं भरून पाणी ओतलं आणि 'मातीतून' असं लिहिलं. पडदा पांढराच राहिला.

"काहीच नाही म्हनत हे," नेहा कुरकुरली. "बंद पडलं काय वं?"

प्राची दुसरा प्रश्न वाचत होती. मग तिने त्याच ओल्या ढेकळांवर आणखी एक पेला ओतला. या वेळी पाणी वरच तुंबून राहिलं. दाराशी उभे असलेले वर्गाचे सर समजावून सांगायला पुढे झाले, आणि काय वाटलं कोण जाणे, हसून दोन पावलं मागे सरले. त्या दोन पावलांइतकं मोठं अध्यापन मी क्वचितच पाहिलं आहे.

"आता काहून नाही जाऊन राहिलं?" हे प्राचीने ना सरांना विचारलं, ना मला. विचारलं ते बाटलीला.

"सांगा नं मॅडम," नेहा माझ्याकडे वळली.

प्राचीने मान वर न करता तिला कोपराने ढोसलं. "थांब नं वं. पाहू दे."