भाऊजींच्या रेडिओतला मेलेला व्हॉल्व्ह

तीस वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना रेडिओ दुरुस्ती शिकवली. "मीटर काय दाखवते ते सांग, तुले काय वाटते ते घरी सांगजो," हे माझं ठरलेलं वाक्य. भूत-बित, अंगात येणं, स्वप्नात येणं... असलं कोणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय, पण लिहितो.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी सिंदी मेघेला राहतो, माझी मोठी बहीण कमलताई पवनारला. तिच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, तेव्हा लकवा मारून सात महिने झाले होते. उजवा हात गेला आणि बोलणं पार बंद. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, शब्द येतील तेव्हा येतील. ताईनं मात्र आपलं बोलणं थांबवलं नाही. गाईनं दूध कमी दिलं, शेजारच्या सुनेला मुलगी झाली... सगळं खाटेजवळ बसून सांगायची. भाऊजी छताकडे पाहत पडून राहायचे.

एक दिवस तिचा फोन आला. "सुधाकर, याईचा तो लाकडी रेडिओ सुरू करून दे बाबू. तो वाजला तं काही तरी बोलतीन. सात महिने झाले, मी एकटीच बोलून राह्यली." मी दुसऱ्याच दिवशी पवनारची बस पकडली.

भाऊजींनी लग्नाच्या वर्षी घेतलेला पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचा, सेट तो. यात पाचही व्हॉल्व्हच्या आतल्या तारा एकामागे एक जोडलेल्या असतात, दिवाळीच्या लाईटच्या माळेसारख्या. एक गेला की पाचही अंधारात. मी पाचही काढून पेपरवर मांडले आणि नंबर लिहून घ्यायच्या आधीच जेवायला बसलो. ज्या चुकीसाठी पोरांना वर्गाबाहेर काढायचो, नेमकी तीच चूक. जेवून येतो तर काय, ताईनं व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्यात घासून, पाण्याचे ग्लास धुवावे तसे धुऊन, सुपात उन्हाला ठेवलेले. काचेवरचे नंबर साफ.

"धूळ किती होती त्याच्यावर," ताई म्हणाली. "काऊन, काही चुकलं का?"

आता तिला काय सांगणार? काचेवर तोंडाची वाफ सोडली की पुसलेला नंबर कधी कधी क्षणभर दिसतो. तसे तीन ओळखले. उरलेले दोन म्हणजे जुळे भाऊ... काच तशीच, पिनाही सात-सात. पण त्यांची अदलाबदल झाली तर स्टेशन लागत नाही. शेवटी मीटर लावला. एक चांगला निघाला, दुसऱ्याची आतली तार तुटलेली. पिना घासून तीनदा पाहिलं, काटा हलला नाही. मी ताईला म्हटलं, हा मेला, नागपूरला जुन्या बाजारात शोधावा लागेल. ती पदरानं कोरडंच सूप पुसत बसली.

तेवढ्यात भाऊजींनी खाटेवरून डावा हात पुढे केला. मी दोन्ही व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते जरा वेळ धरले, मग चांगला माझ्याकडे सरकवून रेडिओतल्या कोपऱ्यातल्या जागेकडे बोट केलं. आणि मेलेल्यासाठी त्याच्या शेजारची जागा दाखवली. या माणसानं जन्मात रेडिओचं मागचं झाकण उघडलं नव्हतं, त्यासाठी वर्धेचा मेकॅनिक यायचा. केवळ त्यांचं मन राखायला मी दोन्ही तसेच बसवले आणि बटण दाबलं. माळ तुटलेली, पेटणार कुठून?

पेटली. पाचही व्हॉल्व्ह लाल झाले. अर्ध्या मिनिटानं घरघर, आणि मग एक बाई मोठ्या आवाजात कापसाचे भाव सांगायला लागली. ताई खाटेवर वाकून रडत रडत त्यांना काहीबाही विचारत होती.

भाऊजी म्हणाले... तुटक, पण स्पष्ट... "आवाज कमी कर वं. तू काय म्हनून राह्यली... आयकू येत नाई."

ताईनं रेडिओ बंदच केला आणि त्यांच्याजवळ बसली. मी अंगणात जाऊन तोंड धुतलं. बाप्या माणूस, पण मला रडू आवरलं नाही.

निघण्यापूर्वी तो व्हॉल्व्ह काढून पुन्हा तपासला. तार तुटलेलीच. परत बसवला, पाचही पेटले. गरम झाल्यावर तार आपोआप जुळत असेल म्हणाल, तर ती गरम व्हायलाच आधी करंट पाहिजे, आणि तुटक्या तारेतून करंट जाणार कसा? बोलणं असं अचानक परत येतं, असं डॉक्टर म्हणतात, ते मला मान्य आहे. व्हॉल्व्ह मात्र मीटरवर मेलेला आणि रेडिओत जिवंत.

पुढं नागपुरात मला हव्या त्या नंबरचा व्हॉल्व्ह मिळाला. तो घेऊन परवा पवनारला गेलो, तर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून दोघं भांडत होते. भाऊजी एकेक शब्द जोडून तक्रार करत होते आणि ताई प्रत्येक शब्दाला उत्तर देत होती, तोंडभर हसत. रेडिओ त्याच मेलेल्या व्हॉल्व्हवर चालूच होता. मी चहा घेतला, भाजी चाखून मीठ मलाही जास्त वाटलं असं भाऊजींच्या बाजूनं सांगितलं, आणि नवा व्हॉल्व्ह पिशवीतून न काढता तसाच परत घेऊन आलो.